सेन्सरची बदली

विषय : भट्टीच्या तापमान-सेन्सरची बदली करण्याबाबत.

संदर्भ : त्याच जागी यापूर्वी झालेल्या दोन बदल्या.

उपरोक्त विषयास अनुसरून सांगण्यात येते की, एकदा एका जिल्ह्याच्या गावी, तेला-तुपाची शुद्धता तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत एक रसायनतज्ज्ञ बाई काम करीत असत. नाव अरुणा खिलारे. नोकरी अकरा वर्षांची, पैकी या प्रयोगशाळेत दीड वर्ष. हस्ताक्षर स्वच्छ, रजा शिल्लक, गोपनीय अहवाल बरे. अशा माणसाविषयी कथा सांगण्यासारखे सहसा काही घडत नाही. परंतु बाईंच्या ताब्यात एक यंत्र होते.

त्या यंत्राला गॅस क्रोमॅटोग्राफ म्हणतात. नाव अवघड असले तरी काम समजण्यासारखे आहे. तेलाचा नमुना थोडी प्रक्रिया करून त्यात सोडला की त्याची वाफ होते आणि ती केसासारख्या बारीक, पुष्कळ लांब नळीतून धावू लागते. ही नळी वेटोळे करून एका लहानशा भट्टीत ठेवलेली असते. तेलातले निरनिराळे घटक निरनिराळ्या वेळी नळीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतात, आणि कोण कितव्या मिनिटाला पोहोचला यावरून तो कोण, हे यंत्र ठरवते. थोडक्यात, हे यंत्र कोणालाही गुणांवरून ओळखत नाही. हजेरीच्या वेळेवरून ओळखते. सरकारी कार्यालयात ते चटकन रुळले यात नवल नाही.

या ओळखीला अट एकच. भट्टीचे तापमान नेमके हवे. भट्टी पाच-सात अंशांनी थंड राहिली तर सगळेच घटक उशिरा पोहोचतात, आणि उशिरा आलेल्याला यंत्र त्याच्या शेजाऱ्याच्या नावाने हाक मारते. मग चांगल्या शेंगतेलात सरकीचे तेल निघते, तेही दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत.

भट्टी किती तापली हे यंत्राला कळवण्याचे काम एका सेन्सरकडे असते. धातूच्या नळीत बसवलेला काडीएवढा तुकडा, मागे दोन तारा, तारांच्या टोकाला प्लग, आणि तो प्लग खोचायला यंत्राच्या पाठीत एक सॉकेट. कार्यालयात शिपायाकडे कोणाचे लक्ष नसते आणि सगळे कामकाज त्याने आणलेल्या निरोपावर चालते, तशी या सेन्सरची जागा.

यंत्र येऊन चार वर्षे झाली होती. पहिल्या चौदा महिन्यांत काही तक्रार आली नाही. त्यानंतर घटक उशिरा पोहोचू लागले. त्या वेळी खुर्चीवर दिगंबर पाथरवट नावाचे रसायनतज्ज्ञ होते. कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने स्वतःच्या थर्मामीटरने भट्टी तपासली. यंत्र म्हणत होते एकशे ऐंशी, थर्मामीटर म्हणत होता एकशे त्र्याहत्तर. इंजिनिअरने सेन्सर खराब ठरवला, नवा बसवला, दोन्ही आकडे जुळले, सही घेतली आणि तो निघाला. त्याला त्याच दिवशी आणखी दोन तालुके करायचे होते. मधल्या काळात जे अहवाल चुकले त्यांच्याबद्दल पाथरवटांची बदली झाली. सेवापुस्तकात शेरा पडला : ‘यंत्र हाताळणीत निष्काळजीपणा.’

पाथरवटांच्या जागी हंचाटे आले. पाच महिने उत्तम गेले. मग पुन्हा तेच, पुन्हा इंजिनिअर, पुन्हा नवा सेन्सर, पुन्हा बदली, आणि शेरा शब्दशः तोच. निष्काळजीपणाची नक्कल मात्र काळजीपूर्वक केलेली होती.

हंचाट्यांच्या जागी खिलारे बाई आल्या. त्यांचे पहिले सहा आठवडे निर्वेध गेले. सातव्या आठवड्यापासून घटकांची वेळ थोडी थोडी पुढे सरकू लागली. इतकी थोडी की, आज चूक कालच्यापेक्षा जास्त आहे हे कोणत्याही एका दिवशी म्हणता येऊ नये. प्रयोगशाळेचा स्वतःचा थर्मामीटर असता तर बाईंनी त्याच आठवड्यात ताळा घेतला असता. तो अचूकतेची तपासणी करून आणण्यासाठी बाहेर पाठवलेला होता. जाऊन अकरा महिने झाले होते. तो पोहोचल्याची पोच होती. परत निघाल्याची नव्हती.

बाईंनी घरून मागवलेल्या स्वयंपाकाच्या थर्मामीटरने, म्हणजे जो जाऊबाईंनी पाक मोजायला घेतला होता त्याने, भट्टी तपासली. त्याचा आकडा यंत्रापेक्षा कमी आला. सरकारी यंत्राविरुद्ध पाकाच्या थर्मामीटरची साक्ष कागदावर मांडता येईना, म्हणून त्यांनी थेट मागणीच केली : भट्टीचा सेन्सर बदलून मिळावा. टंकलेखकाने विषयाच्या ओळीत सुटसुटीतपणासाठी लिहिले, ‘सेन्सर बदलीबाबत’. आवक विभागाने ‘बदली’ हा शब्द वाचला आणि नियमानुसार कागद आस्थापना शाखेकडे पाठवला.

आस्थापना शाखेत प्रकरण कोणाचे आहे हे पाहत नाहीत. प्रपत्र भरलेले आहे का, हे पाहतात. आठ दिवसांनी विहित प्रपत्र बाईंकडे आले. बदली प्रस्तावित असलेल्याचे पूर्ण नाव. पदनाम. सध्याच्या जागी रुजू झाल्याचा दिनांक. स्वग्राम. आणि शेवटचा रकाना : त्या जागी यापूर्वी कोण कोण होते, प्रत्येकाची बदली केव्हा झाली व प्रत्येक बदलीनंतर त्या जागेचे कामकाज किती काळ समाधानकारक राहिले, ते तारखेसह नमूद करावे.

बाईंना आधी हसू आले, मग संताप. परंतु प्रपत्र परत गेल्याखेरीज कागद हलणार नव्हता. त्यांनी नाव लिहिले ‘सेन्सर’. पदनाम ‘तापमानदर्शक’. स्वग्राम ‘परदेश’. शेवटचा रकाना भरायला त्यांना यंत्राची नोंदवही काढावी लागली. पहिल्याच्या वेळी चौदा महिने. पहिल्या बदलीनंतर पाच महिने. दुसऱ्या बदलीनंतर सहा आठवडे. सही करून त्यांनी प्रपत्र पाठवले. ते ‘स्वग्रामाचा तालुका नमूद नाही’ या शेऱ्यासह परत आले.

तालुक्याचा प्रश्न सुटेपर्यंत तीन नमुन्यांचे अहवाल चुकले. त्यांतला एक मगदूम नावाच्या घाणेवाल्याचा होता. त्यांचे तेल खिलारे बाईंच्या अहवालात भेसळीचे ठरले आणि वरच्या प्रयोगशाळेत शुद्ध ठरले. मगदूमांनी तक्रार केली, ती रास्त होती. बाईंना नोटीस आली : यंत्र हाताळणीत निष्काळजीपणा केल्यामुळे आपली बदली चारशे किलोमीटरवरील प्रयोगशाळेत का करू नये, याचा खुलासा सोमवारी समक्ष करावा.

मुलगी नववीत होती, पती त्याच गावी शाळेत शिक्षक होते, सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरलेले होते. बाईंना या सगळ्याची काळजी होती, परंतु खरे बोचत होते ते वेगळेच. त्यांनी सगळ्या नोंदी तीन वेळा वाचल्या होत्या आणि त्यांना स्वतःची चूक सापडली नव्हती. चूक सापडली असती तर त्यांनी ती कबूल केली असती. ती सापडत नव्हती, म्हणून ती फारच मोठी असावी असे त्यांना आता वाटू लागले होते.

बुधवारी त्या मुलाणीचाचांकडे गेल्या.

दस्तगीर मुलाणी हे साखर कारखान्यातले निवृत्त उपकरण मेकॅनिक. बाई पदवी घेऊन त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत उमेदवारीला होत्या तेव्हा सहा महिने त्यांच्या हाताखाली होत्या. तारेला सोल्डरचा डाग कसा द्यायचा, मीटर कसा धरायचा, आणि साहेब मागे उभे असताना हात कसा थरथरू द्यायचा नाही, हे त्यांनी चाचांकडून शिकून घेतले होते. चाचा आता घरी बसून लोकांचे मिक्सर आणि इन्व्हर्टर दुरुस्त करीत. गावातले निम्मे मिक्सर त्यांच्या ओट्यावर असत, आणि घेऊन जायला कोणी आले नाही तर चाचा स्वतः नेऊन देत.

बाईंनी सगळे सांगितले. यंत्राची पुस्तिका आणि इंजिनिअरचे अहवाल पुढे ठेवले. चाचांनी त्यांना हात लावला नाही. त्या प्रपत्राची प्रत मात्र बाईंनी गंमत म्हणून आणली होती, ती ते चष्मा लावून सावकाश वाचू लागले. शेवटच्या रकान्याशी थांबले, परत वर गेले, परत खाली आले.

“हा प्रश्न कुणी विचारला?” त्यांनी विचारले.

आस्थापनेच्या कारकुनाने, बाई म्हणाल्या. त्याला सेन्सर म्हणजे कर्मचारी वाटला.

“बरं झालं वाटला. तुझ्या इंजिनिअरनं एवढं विचारलं असतं तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या.” चाचांनी कागद घडी करून परत दिला. “ते काढून टाकलेले सेन्सर फेकून दिलेत का?”

सरकारी वस्तू फेकून देता येत नाही, हे बाईंनी त्यांना समजावले. तिचे निर्लेखन व्हावे लागते, त्याला समिती लागते, समितीला बैठक लागते. म्हणून दोन्ही सेन्सर कपाटात होते, लाल शाईच्या चिठ्ठ्यांसह.

“तुमच्या हापिसाचा हा गुण मला आज पहिल्यांदा कळला,” चाचा म्हणाले.

बाहेरच्या माणसाला यंत्राला हात लावण्याची परवानगी नसते. प्रयोगशाळेचे प्रमुख भाटवडेकर साहेब हे भले गृहस्थ होते. त्यांनी पास दिला आणि त्यावर प्रयोजन लिहिले, ‘अवलोकन’. गुरुवारी सकाळी चाचा अवलोकनासाठी आले, तेव्हा त्यांच्या एका पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, मीटर, थर्मामीटर आणि लाकडी पेन्सिल होती, आणि दुसऱ्या पिशवीत कोपऱ्यावरच्या रसवंतीतून आणलेला बर्फाचा चुरा. साहेबांनी बर्फाविषयी विचारले नाही. अवलोकनाला बर्फ लागत नाही असे कुठल्याही परिपत्रकात म्हटलेले नव्हते.

चाचांनी आधी यंत्राकडे पाहिलेही नाही. काचेच्या मोठ्या पात्रात बर्फाचा चुरा आणि पाणी घेतले, कपाटातले दोन्ही सेन्सर आणायला सांगितले, तिसरा यंत्रातून काढून घेतला आणि तिघांनाही त्या गारव्यात उभे केले. मग खुर्ची ओढून बसले आणि भाटवडेकर साहेबांना त्यांच्या निवृत्तीला किती वर्षे उरली ते विचारू लागले. साहेबांनी तीन वर्षे, चार महिने असे सांगितले. दिवस माहीत होते, पण सांगितले नाहीत.

पंधरा मिनिटांनी चाचांनी मीटर बाईंच्या हाती दिला. वितळत्या बर्फात या जातीच्या सेन्सरने शंभर आकडा दाखवायचा असतो, हे बाईंना ठाऊक होते. आत्तापर्यंत तसे करून पाहायचे कोणाच्या मनात आले नव्हते, कारण तिघांपैकी दोघांवर ‘खराब’ असे लिहिलेले होते आणि लिहिलेले तपासण्याची पद्धत नव्हती. पहिला शंभर. दुसरा शंभर. तिसरा शंभराला एक दशांश जास्त.

“तिन्ही चांगले,” बाई म्हणाल्या.

त्यानंतर चाचांनी जे केले त्याने साहेब खुर्चीवरून उठले. त्यांनी यंत्रातून काढलेला तिसरा सेन्सर बाजूच्या ताटलीत ठेवून दिला. दुसराही तिथेच ठेवला. आणि सगळ्यांत जुना, पाथरवटांच्या काळात काढलेला, लाल शाईच्या चिठ्ठीचा सेन्सर पुसून कोरडा केला आणि तो यंत्रात बसवला.

साहेबांनी नम्रपणे लक्षात आणून दिले की त्यावर ‘खराब, वापरू नये’ असे लिहिलेले आहे, खाली सही आहे, आणि सही इंजिनिअरची आहे. चाचा म्हणाले की अक्षर छान आहे. मग त्यांनी बाईंना भट्टी चालू करायला सांगितली.

भट्टी तापली. यंत्राने एकशे ऐंशी दाखवले. चाचांचा थर्मामीटरही एकशे ऐंशी. बाईंनी ओळखीचा नमुना सोडला, ज्यातले घटक कधी पोहोचावेत हे आधीपासून माहीत असते. अर्ध्या तासात सगळे आपापल्या मिनिटाला हजर झाले. एकही लेट मार्क नाही.

“म्हणजे तो खराब सेन्सर आपोआप दुरुस्त झाला?” साहेबांनी विचारले.

चाचा यंत्राच्या मागे गेले, पेन्सिल घेतली आणि तिच्या टोकाने प्लगला बाजूने जरासे ढकलले. पडद्यावरचा आकडा एकशे सत्त्याऐंशी झाला. पेन्सिल काढली, आकडा हळूहळू खाली आला. पुन्हा ढकलले, पुन्हा सत्त्याऐंशी. थर्मामीटरचा आकडा जागचा हलला नव्हता. भट्टी तीच, उष्णता तीच, सेन्सर तोच.

तेव्हा चाचा बोलले.

“हे बघ पोरी. सेन्सर गरम झाला की विजेची वाट अडवतो. जेवढा गरम, तेवढी अडवणूक. यंत्र ती अडवणूक मोजतं आणि तिलाच तापमान म्हणतं. आता ह्या सॉकेटातल्या पट्टीवरचा मुलामा गेलाय. तिच्यावर काळा थर धरतोय. तो थरपण वाट अडवतो. ही अडवणूक सेन्सरची आणि ही सॉकेटची, असं यंत्राला कुठलं कळायला? दोन्ही सेन्सरच्या नावावर लिहितं. त्याला वाटतं भट्टी जास्त तापली, ते आच कमी करतं. भट्टी थंड, आकडा गरम. नवा सेन्सर आला की प्लग घासून आत जातो, थर खरवडतो, आणि सगळं छान चालतं. लोक म्हणतात, बघा, जुनाच वाईट होता. मग थर परत धरतो. पहिल्या वेळेला पाच महिने लागले, दुसऱ्या वेळेला सहा आठवडे. नवा आला की जागा चार दिवस नीट वागते. तेवढ्यावर मागच्याचा निकाल लागतो.”

भाटवडेकर साहेबांनी वाकून सॉकेट पाहिले. पाथरवट आणि हंचाटे या दोघांच्या बदल्यांच्या आदेशांवर ‘शिफारस आहे’ या शब्दांखाली साहेबांचीच सही होती.

बाईंना मात्र एक गोष्ट उमगत नव्हती. त्या म्हणाल्या की यंत्रात जो सेन्सर होता तोच काढून परत बसवला असता तरी प्लग घासला गेला असता आणि हेच दिसले असते. मग चिठ्ठी लावलेला, चार वर्षांपूर्वीचा सेन्सर शोधून बसवायची काय गरज होती?

“त्यालाच परत लावला असता तर तो एकटा सुटला असता,” चाचा म्हणाले. “बाकीचे दोघं तुझ्या कपाटात खराबच राहिले असते.”

एवढे बोलून त्यांनी बर्फाचे पाणी बेसिनमध्ये ओतले, पात्र धुऊन पालथे घातले आणि पासवर बाहेर पडण्याची वेळ लिहून घेतली. चहाला थांबा म्हटले तर म्हणाले, एका बाईचा मिक्सर आज द्यायचा आहे, तिच्याकडे उद्या पाहुणे आहेत.

ते गेल्यावर खिलारे बाई ताटलीपाशी गेल्या. एक ताटलीतल्या सेन्सरवरची आणि एक यंत्रामागच्या तारेवरची, अशा दोन्ही चिठ्ठ्या त्यांनी ओल्या करून काढल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या सहीचे सर्व अहवाल सातव्या आठवड्यापासून तपासून पाहिले. तीन तक्रारी आल्या होत्या. चुकलेले अहवाल नऊ निघाले. राखून ठेवलेल्या नमुन्यांवर त्यांनी नव्याने तपासणी सुरू केली आणि नऊही जणांना पत्रे तयार केली. साहेब म्हणाले की सहा जणांनी तर तक्रार केलेलीच नाही. बाई म्हणाल्या की ती त्यांची चूक आहे, तेलाची नाही. साहेबांनी पत्रांवर सह्या केल्या. सॉकेटसाठीचे मागणीपत्र त्यांनी स्वतः तपासले आणि ‘बदली’ खोडून ‘दुरुस्ती’ असे लिहिले.

मग त्यांनी बाईंना बसायला सांगितले आणि दार लोटून घेतले. ते जे बोलले त्याचा आशय असा की, झाले ते वाईट झाले, परंतु मार्ग सरळ आहे. बाईंनी आपल्यापुरता अर्ज करावा. सोबत बर्फाच्या चाचणीचे आकडे जोडावेत. बदलीचा प्रस्ताव अजून त्यांच्याच टेबलावर आहे. सोमवारी सुनावणी, मंगळवारी प्रस्ताव रद्द, शेरा नाही, गाव सोडणे नाही.

“आणि पाथरवट, हंचाटे?” बाईंनी विचारले.

“त्यांचे शेरे सेवापुस्तकात चढलेत, मॅडम. ते काढायचे तर प्रकरण वर जाईल. वर गेलं की तुमचंही त्यात अडकणार. तिकडून उत्तर येईपर्यंत मला तुमची बदली थांबवता येणार नाही. प्रकरण माझ्या हातात राहतच नाही.” साहेबांनी समोरची फाइल मिटली. “पाथरवट आता निवृत्त आहेत. हंचाटे तिकडे रमलेत, मुलाचं ॲडमिशन झालंय. कोणाला काय मिळणार आहे त्यातून?”

साहेबांचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्यात कपट तर नव्हतेच. त्यांना एक चूक तरी वेळेत सुधारायची होती आणि ती त्यांच्या अधिकारात बसत होती. बाईंनी विचार करायला दोन दिवस मागितले.

शनिवारी त्यांनी पतीला विचारले. ते म्हणाले, तू ठरव, फक्त आईच्या ऑपरेशनपर्यंत थांबता आलं तर बघ. मुलीने चारशे किलोमीटर म्हणजे किती तासांचा प्रवास ते मोबाइलवर पाहिले आणि मोबाइल पालथा ठेवला. सासूबाई म्हणाल्या की गुडघा काय, दोन वर्षं दुखतोय, आणखी दुखेल. या बोलण्याने बाईंना बरे वाटले नाही. त्यांनी दोन अर्ज लिहून काढले, एक आखूड आणि एक लांब, आणि रविवारी दिवसभर दोन्ही टेबलावर पडून होते. आखूड अर्जात सांगितलेले सगळे खरे होते. त्यात खोटा असा एकही शब्द नव्हता. तो वाचताना काय खटकते ते त्यांना संध्याकाळी कळले : तो वाचणाऱ्याला असे वाटले असते की, सॉकेट खिलारे बाईंच्या काळात बिघडले.

सोमवारी सुनावणी अकरा मिनिटे चालली. बाईंनी लांब अर्ज साहेबांपुढे ठेवला. अर्जदार तीन होते. एक, दिगंबर पाथरवट, सेवानिवृत्त. दोन, हंचाटे. तीन, अरुणा खिलारे. तिघांविरुद्धचा ठपका एकाच सॉकेटमुळे असल्याने तो एकत्रितपणे रद्द व्हावा, अशी विनंती. पहिल्या दोघांच्या संमतीची पत्रे मागाहून सादर करण्यात येतील.

साहेबांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला.

“स्वतःचं नाव तिसरं का घातलंत?”

“रुजू झाल्याच्या क्रमाने,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी पेन उचलले. अर्जाच्या समासात त्यांनी ‘शिफारस आहे’ असे लिहिले आणि आणखी एक ओळ लिहिली, जी लिहिण्याची त्यांच्यावर सक्ती नव्हती : ‘यापूर्वीच्या दोन्ही शिफारशी माझ्याच होत्या व त्या चुकीच्या माहितीवर आधारित होत्या.’ मग खाली सही, आणि सहीखाली तारीख. निवृत्तीला तीन वर्षे चार महिने उरलेल्या माणसाने लिहिलेली ती ओळ आहे, हे लक्षात घेऊन ती वाचावी.

हंचाट्यांचे संमतिपत्र आठ दिवसांत आले. पाथरवटांचे दहा दिवसांत. त्यांनी पत्रासोबत फोनही केला. त्यांची आणि बाईंची कधी भेट झालेली नव्हती. त्यांनी आभार मानले नाहीत, शेऱ्याविषयी बोलले नाहीत. माझ्या वेळचा तो पहिला सेन्सर, तो आता कुठे आहे, एवढेच विचारले. यंत्रातच आहे, बाई म्हणाल्या, नवे सॉकेट बसले, आकडा बरोबर दाखवतोय. मग पाथरवट म्हणाले, “तो चांगला आहे हे मी तेव्हाही म्हणालो होतो.” आणि त्यांनी फोन ठेवला.

अर्ज सर्व जोडपत्रांसह वरिष्ठ कार्यालयास सादर झाला. तेथून दोन शंका आल्या. पहिली, निवृत्त कर्मचाऱ्यास असा अर्ज करता येतो किंवा कसे. दुसरी, सॉकेट या बाबीची जबाबदारी कोणत्या शाखेकडे येते. दोन्ही शंकांचे निरसन करण्यात आले. दरम्यान बदलीस स्थगिती नसल्याने श्रीमती खिलारे आदेशाप्रमाणे नव्या ठिकाणी रुजू झाल्या. सासूबाईंच्या ऑपरेशनला त्या चार दिवसांची रजा घेऊन आल्या होत्या.

अर्ज विचाराधीन आहे. निर्णय अद्याप प्राप्त नाही.